नाश्ता सेंटरचा कारागीर

नाश्ता सेंटरचा कारागीर म्हणजे वडापाव, भजी, समोसा, मिसळ, पोहे यांसारखे गिऱ्हाईक उभे असतानाच हातात द्यावयाचे पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार करणारा व्यावसायिक आचारी. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत ‘फास्ट फूड’ या नावाने जो व्यवसाय चालतो, त्याचा कणा हा कारागीर असतो. मालक गल्ल्यावर बसतो, पोऱ्या पाणी देतो व टेबल पुसतो, आणि कढईसमोर कारागीर उभा असतो. प्रस्तुत लेखात या कामाचे स्वरूप बीड जिल्ह्यातील आष्टी व त्याच्या परिसराच्या संदर्भात दिले आहे. तेथील कामाची पद्धत मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्राच्या बहुतेक लहान गावांना लागू पडते.

नाव

या कामाला मराठीत एकच एक नाव नाही. लग्नाकार्याचा स्वयंपाक करणारा तो ‘आचारी’. बसस्थानकासमोरच्या दुकानात भजी तळणाऱ्याला मात्र सहसा आचारी म्हणत नाहीत. त्याला ‘कारागीर’ म्हणतात, क्वचित आदराने ‘वस्ताद’. हा फरक केवळ शब्दांचा नाही. ‘आचारी’ या शब्दात आचार आहे, सोवळेओवळे आहे. जुन्या खाणावळींत स्वयंपाक्याची जात विचारली जात असे आणि जेवणाऱ्याचीही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले येथील प्रवेशाचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने असा प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला, यावरून त्या काळाची कल्पना येते. ‘कारागीर’ हा फारसीतून आलेला शब्द सुताराला, सोनाराला, विणकरालाही चालतो. तो जात सांगत नाही, हाताचे कसब सांगतो. भज्यांच्या कढईमागे उभ्या असलेल्या माणसाला लोकभाषेने हा शब्द दिला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे, कारण सरकारी कागद त्याच माणसाला पुष्कळदा वेगळ्याच रकान्यात टाकतात. त्याचा विचार पुढे केला आहे.

ज्या जागी तो काम करतो तिला लोक ‘हॉटेल’ म्हणतात. मराठीत हॉटेल म्हणजे राहण्याची जागा नव्हे, चहा-नाश्त्याची जागा. पाटीवर ‘नाश्ता सेंटर’, ‘स्नॅक्स सेंटर’, ‘वडेवाले’ किंवा ‘उपहारगृह’ असे लिहिलेले आढळते. यांतले शेवटचे चुकीचे आहे. उपाहार म्हणजे फराळ, अल्पाहार. उपहार म्हणजे भेटवस्तू. तेव्हा शुद्ध शब्द ‘उपाहारगृह’. मात्र पाट्या रंगवणाऱ्यांनी ही चूक इतकी रूढ केली आहे की आता शुद्ध रूपच डोळ्यांना खटकते.

पार्श्वभूमी

तळलेले पदार्थ या प्रदेशाला नवे नाहीत. कल्याणीच्या चालुक्य राजांपैकी सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचा स्वतंत्र भाग आहे आणि त्यात डाळीच्या पिठाचे तळलेले पदार्थ येतात. आजचा मराठवाडा त्या राज्याच्या कक्षेत होता. परंतु त्या वड्यात बटाटा नव्हता आणि मिरचीही नव्हती. ही दोन्ही पिके पोर्तुगीजांच्या आगमनानंतर आली. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्दही पोर्तुगीज भाषेतून मराठीत आले. म्हणजे मराठी माणसाचा खास म्हणून मिरवला जाणारा बटाटावडा-पाव पाहिला, तर त्यातला मूळचा येथला शब्द ‘वडा’ एवढाच, संस्कृत ‘वटक’ वरून आलेला.

वडा पावात घालून विकण्याची सुरुवात मुंबईत दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गिरणीकामगाराला पाळीच्या वेळेत उभ्याउभ्या खाता येईल, हात फारसे खराब होणार नाहीत आणि खिशाला परवडेल, असा तो पदार्थ होता. १९८२ च्या गिरणी संपानंतर काम गेलेल्या अनेकांनी अशा गाड्या टाकल्या. पुढे हा पदार्थ एस.टी.च्या मार्गांनी राज्यभर पसरला आणि जेथे जेथे गाडी दहा मिनिटे थांबते, तेथे तेथे कढई लागली.

आष्टी हे बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचे तालुक्याचे गाव. सीना नदीच्या खोऱ्यातील हा भाग पर्जन्यछायेत येतो आणि दुष्काळ त्याच्या नेहमीच्या परिचयाचा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर शेजारचा नगर जिल्हा ब्रिटिश मुंबई इलाख्यात. संस्थान गेले तरी बाजारहाट, दवाखाना आणि शिक्षण यांसाठी नगरकडे (आताचे अहिल्यानगर) जाण्याचा ओघ कायम आहे. नगर ते न्यू आष्टी ही सुमारे ६६ किलोमीटरची रेल्वे २३ सप्टेंबर २०२२ रोजी प्रवाशांसाठी सुरू झाली व १७ सप्टेंबर २०२५ रोजी ती बीडपर्यंत पोहोचली. तरीही येथली बरीचशी ये-जा अजून रस्त्यानेच होते, आणि कचेरीच्या कामाला आलेला शेतकरी, महाविद्यालयात येणारी मुले, एस.टी.ची वाट पाहणारे प्रवासी हीच नाश्ता सेंटरची गिऱ्हाइके आहेत.

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघालेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कोरडवाहू शेतीवर भागत नाही आणि ऊसतोडीला जायचे नाही, अशा घरातील तरुणांसमोर ज्या थोड्या वाटा उरतात त्यांत हॉटेलातले काम ही एक आहे. त्यास भांडवल लागत नाही, दाखला लागत नाही, आणि दोन वेळचे जेवण तेथेच मिळते. काहीजण गावातच लागतात. काही नगर, पुणे, मुंबई येथे जातात, तेथे हात बसला की परत येऊन स्वतःची गाडी टाकतात.

कामाचा दिवस

कारागिराचा दिवस पहाटे सुरू होतो. पहिली एस.टी. सुटण्यापूर्वी चहाचे आधण ठेवलेले आणि पोह्यांची फोडणी पडलेली असावी लागते. भल्यामोठ्या पातेल्यात बटाटे उकडायला लावून तो कांदा चिरायला बसतो. मिरची, आले व लसूण यांचे वाटण, कोथिंबीर निवडणे, मिसळीसाठी भिजवून मोड आणलेली मटकी शिजवणे, कटाचा मसाला परतणे ही सारी कामे गिऱ्हाईक येण्याआधीची. बेकरीतून पावाच्या लाद्या आल्या की पहिला घाणा सोडला जातो.

‘घाणा’ हे या कामातले मोजमाप आहे. कढईत एका वेळी मावतील तेवढ्या वड्यांचा एक घाणा. दिवसाचा हिशेब किलोवर किंवा नगावर बोलला जात नाही, ‘आज इतके घाणे काढले’ असा बोलला जातो. घाणा केव्हा सोडायचा हा निर्णय कारागिराचा. लवकर सोडला तर वडे गार पडतात आणि गिऱ्हाईक तोंड वाकडे करते. उशिरा सोडला तर गाडी सुटते आणि गिऱ्हाईकच जाते. म्हणून अनुभवी कारागिराचा एक कान तेलाकडे आणि दुसरा बसस्थानकाच्या कर्ण्याकडे असतो. आठवडी बाजाराच्या दिवशी हे गणित पूर्ण बदलते. त्या दिवशी सकाळपासून दुपार टळेपर्यंत कढई रिकामी राहत नाही.

दुपारी गर्दी ओसरल्यावर भांडी, उद्याची मटकी भिजवणे, चटणी कुटणे. चारनंतर भज्यांची दुसरी लाट. उकडलेला बटाटा रात्रभर ठेवून सकाळी वापरण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो आंबतो. चांगला कारागीर संध्याकाळचे उरलेले सारण टाकून देतो आणि त्यावरून मालकाशी वाद घालतो.

तळणाची विद्या

बटाटावडा दिसायला सोपा आहे. त्यात फसण्याच्या जागा मात्र पुष्कळ आहेत, आणि कारागिराचे शिकणे म्हणजे या जागा एकेक ओळखणे.

पहिली जागा बटाट्याची. नव्या बटाट्यात पाणी जास्त असते, सारण चिकट होते. शीतगृहात फार थंड तापमानाला ठेवलेल्या बटाट्यातील पिष्टाची काही प्रमाणात साखर होते, त्यामुळे त्याची चव गोडसर लागते आणि तो तळताना किंवा परतताना लवकर काळपटतो. कारागीर बटाटा कापून, बोटाने दाबून पाहतो आणि त्यानुसार उकडण्याचा वेळ ठरवतो. जास्त उकडला, पाणी शिरले, की वडा कढईत फुटलाच म्हणून समजावे. सारणातील पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट लागते. बेसनाचे कवच जेथे पातळ असेल तेथून ती ते फोडते. मग सारण तेलात उतरते, जळते आणि पुढचे चार घाणे काळे करते.

दुसरी जागा पिठाची. बेसन फार पातळ भिजवले तर कवच धरत नाही, फार घट्ट झाले तर आत कच्चे राहते. पीठ बोटावरून ओघळताना बोट झाकलेले राहिले पाहिजे, अशी तोंडी कसोटी सांगतात. पिठात गरम तेलाचे मोहन घालतात त्याने कवच खुसखुशीत होते. सोड्याने ते हलके होते. पण सोडा चिमटीऐवजी मुठीने पडला तर वडा तेल पितो आणि रंगही लालसर-तपकिरी चढतो.

तिसरी आणि सर्वांत अवघड जागा तेलाच्या तापमानाची. तळणासाठी साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस तापमान योग्य समजले जाते. नाश्ता सेंटरमध्ये तापमापक नसतो. पिठाचा एक थेंब तेलात टाकायचा. तो तळाशी बसून राहिला तर तेल थंड आहे. तळाला जाऊन लगेच वर आला तर घाणा सोडायचा. वरच्या वर तडतडून लाल झाला तर आच कमी करायची. ही कसोटी अशास्त्रीय नाही. पदार्थ गरम तेलात पडताच त्याच्या पृष्ठभागावरील पाण्याची वाफ होऊन ती जोराने बाहेर पडते, आणि ती बाहेर पडत असेतोवर तेलाला आत शिरायला वाव मिळत नाही. आपण पाहतो ते बुडबुडे म्हणजे तेल उकळणे नव्हे, पाणी बाहेर पडणे होय. तेल थंड असेल तर वाफेचा जोर कमी पडतो आणि पदार्थ तेलकट होतो. बरेचसे तेल तर पदार्थ कढईबाहेर काढल्यानंतर, तो निवताना आत ओढले जाते. म्हणून वडे झाऱ्यावर कढईच्या वरच क्षणभर धरून निथळू देणे आणि मग चाळणीत टाकणे हे फार महत्त्वाचे. घाईत हा क्षण वाचवणारा कारागीर कच्चा समजावा.

एकाच वेळी जास्त वडे सोडले तर तेलाचे तापमान झपाट्याने उतरते. म्हणून कितीही गर्दी असली तरी घाणा वाढवायचा नाही, हा शहाण्या वस्तादाचा पहिला नियम. गल्ल्यावरचा मालक ओरडत असताना तो पाळणे हीच या कामातली खरी परीक्षा.

तेलाचा प्रश्न तापमानापाशी संपत नाही. तेच तेल वारंवार तापवले की त्याचे विघटन होते, ते दाट व काळे होते, फेस धरते आणि पूर्वीपेक्षा कमी तापमानाला धूर सोडू लागते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची कमाल मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढे ते तेल खाण्याच्या उपयोगाचे नाही. रोज ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांना तेलाची नोंद ठेवून वापरलेले तेल अधिकृत संकलकाकडे देणे पुढे बंधनकारक झाले. अशा तेलापासून जैवडिझेल करता येते. तालुक्याच्या गावातली कढई या आकड्याच्या पुष्कळ अलीकडे असते. तेथे तेल कधी बदलायचे हे धूर, वास आणि फेस पाहून कारागीर सांगतो आणि तेलाचा भाव पाहून मालक ठरवतो. जुन्या तेलात नवे तेल ओतत राहण्याची रीत सर्रास आढळते. ती चुकीची आहे, कारण जुन्या तेलाने नवे तेलही लवकर बिघडते.

चायनीज गाडा

संध्याकाळी नाश्ता सेंटरच्या शेजारी लाल दिव्यांचा ‘चायनीज’चा गाडा लागतो, आणि तेथला कारागीर वेगळा असतो. मंच्युरियन हा पदार्थ नेल्सन वाँग या कोलकात्यात जन्मलेल्या चिनी वंशाच्या आचाऱ्याने मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये १९७५ च्या सुमारास प्रथम केला, असे सांगितले जाते. म्हणजे तोही वडापावइतकाच मुंबईचा. येथे कढई खोल नसते, आच प्रचंड असते, आणि सारे काम दोन-तीन मिनिटांत आटोपते. तांदूळ हवेत उडवून पुन्हा कढईत झेलण्याची लकब तरुणांना फार आकर्षित करते. पदार्थाला भडक लाल करणारे कृत्रिम रंग हा या गाड्यांचा दोष आहे. शेजारच्या कर्नाटक राज्याने मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरियनमध्ये असे रंग घालण्यास बंदी केली.

शिकण्याची रीत

हे काम शिकवण्याच्या संस्था आहेत. मुंबईच्या दादर भागातील केटरिंग महाविद्यालय १९५४ पासूनचे आहे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये पाककलेचा अभ्यासक्रम असतो. परंतु नाश्ता सेंटरचा कारागीर सहसा तेथून येत नाही. तो भांडी घासण्यापासून सुरुवात करतो. मग कांदा, मग पीठ, मग भजी, मग वडा, आणि शेवटी मसाला. मसाला शेवटी, कारण दुकानाची चव त्यात असते आणि वस्ताद तो सहजासहजी दाखवत नाही. पुष्कळ कारागीर मसाल्याचे प्रमाण कोणाला सांगत नाहीत आणि कागदावर तर मुळीच उतरवत नाहीत. त्यामुळे कारागीर दुकान सोडून गेला की चवही जाते, आणि गिऱ्हाईक दोन दिवसांत ओळखते. लिहिता येत असूनही न लिहिलेली ही विद्या आहे. तीच कारागिराची एकमेव ठेव असल्यामुळे त्याला दोष देता येत नाही.

याच्या नेमके उलट टोक साखळी उपाहारगृहांचे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात रिचर्ड व मॉरिस मॅकडोनाल्ड या भावांनी १९४८ मध्ये आपल्या हॉटेलाची मांडणी कारखान्यासारखी केली. पदार्थ मोजके ठेवले, प्रत्येक माणसाला एकच काम दिले, आणि स्वयंपाक्याच्या कसबावरचे अवलंबित्व काढून टाकले. ही कंपनी १९९६ मध्ये दिल्ली व मुंबई येथून भारतात आली. अशा स्वयंपाकघरात बटाट्याची टिक्की तयार होऊन गोठवलेली येते; तेलाचे तापमान यंत्र राखते आणि घंटी वाजली की जाळी वर उचलायची. तेथे नवा मुलगा थोड्याच दिवसांत कामाला लागतो आणि त्याच्या जाण्याने चव बदलत नाही. आष्टीच्या कारागिराला अर्थातच असे तयार होता येत नाही.

वर्गीकरणाचा प्रश्न

वरचा भेद केवळ कुतूहलाचा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यवसाय वर्गीकरणात आचाऱ्याचा संकेतांक ५१२० असून तो सेवा व्यवसायांच्या पाचव्या मुख्य गटात येतो. ‘फास्ट फूड’ तयार करणाऱ्याचा संकेतांक मात्र ९४११ आहे, आणि नववा मुख्य गट म्हणजे प्राथमिक, अकुशल समजली जाणारी कामे. त्याच गटात झाडू मारणारे, हमाल आणि शेतमजूर येतात. भारताचे राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ याच चौकटीवर बेतलेले आहे.

९४११ या संकेतांकाची व्याख्या नीट वाचली तर ती कोणासाठी आहे ते कळते. थोडे घटक, सोपी प्रक्रिया आणि आधीच तयार करून आलेले पदार्थ, असे तिचे स्वरूप आहे. गोठवलेली टिक्की तळणाऱ्याला ती लागू पडते. कच्चा बटाटा निवडण्यापासून मसाला भाजण्यापर्यंत आणि तेलाचे तापमान थेंबावरून ओळखण्यापर्यंत सारे स्वतः करणाऱ्याला ती लागू पडत नाही. तो पदार्थ लवकर विकतो, लवकर शिकत नाही. ‘फास्ट’ हा शब्द गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे, कारागिराच्या बाजूने नाही. त्यामुळे दुकानाच्या पाटीवर ‘फास्ट फूड’ लिहिले म्हणून आतल्या आचाऱ्याचे काम अकुशल ठरवणे हे वर्गीकरणाच्या स्वतःच्या व्याख्येशीही विसंगत आहे.

याचा परिणाम मजुरीवर होतो. हॉटेल व उपाहारगृहे हा उद्योग महाराष्ट्रात किमान वेतनाच्या कक्षेत आणला गेला आहे आणि तेथे कुशल, अर्धकुशल व अकुशल असे वेगळे दर ठरतात. परंतु ज्या दुकानात हजेरीपुस्तकच नाही, तेथे कोण कुशल आणि कोण अकुशल हे कोण लिहिणार? मजुरी ‘रोज’ म्हणून ठरते, तोंडी. सुट्टी घेतली तर रोज बुडतो. घरात लग्न किंवा आजारपण निघाले की मालकाकडून ‘उचल’ घेतली जाते व ती रोजातून कापली जाते. हा शब्द ऊसतोडीच्या मुकादमाकडूनही ऐकू येतो. उचल फिटेपर्यंत दुकान सोडता येत नाही, निदान तशी समजूत असते. कायद्याच्या दृष्टीने कर्जाच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणे हे वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम, १९७६ ने रद्द केले आहे.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ने कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, जादा कामाचा मोबदला इत्यादींची तरतूद केली. पण तो मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी केला गेला. तीन-चार माणसांवर चालणारे नाश्ता सेंटर त्या आकड्याखाली राहते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे कारागीर कोठल्याच यादीत नसल्याचे प्रकर्षाने दिसले. दुकान बंद म्हणजे रोज बंद, आणि हे सिद्ध करणारा एक कागदही हाती नाही.

स्त्रिया आणि मुले

घरात स्वयंपाक स्त्रीचा आणि पगारी कढई पुरुषाची, ही विभागणी येथेही आहे. हॉटेलात स्त्रिया असतात त्या बहुधा भाकरी थापायला किंवा भांड्यांना. स्वतःची भज्यांची गाडी चालवणाऱ्या स्त्रिया अर्थातच आहेत. तेथे त्या मालकही असतात आणि कारागीरही. गिरणीकामगारांना जेवण पुरवणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने एकत्र आणले. स्वयंपाक हा धंदा आहे आणि धंद्याला कर्ज मिळाले पाहिजे, ही त्यांची साधी मागणी होती.

‘पोऱ्या’ या शब्दाकडे मात्र गंभीरपणे पाहिले पाहिजे. हॉटेल, ढाबा व चहाच्या टपरीवर १४ वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने ती बंदी सर्व व्यवसायांना लागू झाली आणि मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कारावास किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. घरच्या व्यवसायात शाळा सांभाळून मदत करण्यापुरती सवलत आहे. ऊसतोडीच्या हंगामात आईवडील गावाबाहेर जातात तेव्हा मागे राहिलेल्या मुलाची शाळा सुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. वर्गातला रिकामा बाक आणि हॉटेलातला नवा पोऱ्या यांचा संबंध गावातल्या शिक्षकाला शोधावा लागत नाही, तो चहा पिताना दिसतो.

आरोग्य

भाजणे ही या कामातली रोजची दुखापत. भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावण्याची रीत अजून आहे आणि ती घातक आहे. भाजलेला भाग ताबडतोब वाहत्या गार पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावा, बर्फ लावू नये, फोड फोडू नयेत आणि जखम मोठी असल्यास दवाखाना गाठावा, हाच योग्य प्रथमोपचार. पेटलेल्या तेलावर पाणी मारणे त्याहून घातक. त्याने भडका उडतो. गॅस बंद करून कढईवर झाकण टाकावे.

दहा-बारा तास उभे राहण्याने पायांच्या शिरा फुगतात, कंबर धरते. वैशाखात बाहेरचे तापमान चाळीस अंशांवर असताना भट्टीसमोर काय होत असेल याची कल्पना करता येईल. तळणाचा धूर हा आणखी एक भाग. उच्च तापमानाला तळताना निघणाऱ्या धुराची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘मानवात कर्करोगास बहुधा कारणीभूत’ अशा गटात नोंद केली आहे. भट्टीवर धुराडे किंवा वाफ ओढणारा पंखा बसवणे हा त्यावरचा साधा उपाय, पण पत्र्याच्या शेडमध्ये तो क्वचित दिसतो. व्यवसायाच्या स्वयंपाकासाठी घरगुती १४.२ किलोची टाकी वापरणे बेकायदेशीर आहे. व्यवसायासाठी १९ किलोची वेगळी टाकी असते.

कारागिराने स्वतःची गाडी टाकली तर

बहुतेक कारागिरांचे स्वप्न तेच असते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये २०११ मध्ये झालेल्या नियमांनी लहानात लहान अन्नविक्रेत्यालाही नोंदणी सक्तीची केली. वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेल्यासाठी ती नोंदणी वर्षाला १०० रुपये शुल्कात ठेवली गेली. वर्तमानपत्राच्या कागदात तळलेला पदार्थ बांधून देण्यास प्राधिकरणाची मनाई आहे, कारण छपाईची शाई पदार्थाला लागते. मराठी वाचकाच्या पिढ्यांनी वडापावच्या कागदावर अर्धवट बातम्या वाचल्या असल्या, तरी हा नियम योग्यच आहे. पथविक्रेता अधिनियम, २०१४ अन्वये नगरपंचायत क्षेत्रातील गाडीवाल्यास विक्रीचे प्रमाणपत्र मागता येते, आणि १ जून २०२० रोजी सुरू झालेल्या पी.एम. स्वनिधी योजनेत सुरुवातीला १०,००० रुपयांचे विनातारण कर्ज ठेवले गेले. एवढ्यात कढई, झारे, शेगडी आणि पहिल्या आठवड्याचा माल बसवावा लागतो.

जो कारागीर दुसऱ्याच्याच दुकानात राहतो, त्याच्यासाठी केंद्र शासनाचे ई-श्रम हे संकेतस्थळ २६ ऑगस्ट २०२१ पासून आहे. १६ ते ५९ वर्षे वयाच्या असंघटित कामगाराला तेथे विनाशुल्क नोंद करता येते. आधार क्रमांक, बँक खाते आणि मोबाइल एवढे लागते. या नोंदणीत व्यवसाय निवडावा लागतो आणि त्यामागे राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणाचे संकेतांक असतात. सेवा केंद्रावरचा मुलगा घाईत असेल तर ‘मदतनीस’ असे भरून मोकळा होतो. कारागिराने तेथे आपला व्यवसाय आचारी असा सांगावा आणि पडद्यावर तसे भरले गेले आहे हे पाहूनच ओळखपत्र काढून घ्यावे.